सगळ्याला होय

६ एप्रिल, रविवार

अखेर सोलापूरकर झाले. मैंदर्गीहून आई, एक गादी, दोन पिशव्या आणि लॅपटॉप एवढा संसार एसटीने आणला. आई संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना नेहमीचं बोललीच, की या पोरीच्या पायाला भिंगरी आहे आणि हाताला धीर नाही.

खोली झकास आहे. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत; वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून. खिडकीतून अंगण आणि पलीकडची यंत्रमागाची शेड दिसते. तिथे पूर्वी चादरी निघायच्या. आता माग विकले, एक तेवढा आठवण म्हणून ठेवलाय, आणि दाराला कुलूप. घरमालकीण पार्वतम्मा खाली एकट्या राहतात. त्यांच्या घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. आल्या आल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर ठेवली.

नियम एकच घातला. भर दुपारी खालून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. "माणूस आसंल तर परत हाक मारतंय की," म्हणाल्या. आमच्या मैंदर्गीतही हेच सांगतात: ते जे काही असतं ते एकदाच हाक मारतं, आणि ओ दिली की आपणच त्याला घरात घेतलं. मी मान डोलावली. कुरिअरवाला एकदाच हाक मारून पसार होतो, हे पार्वतम्मांना कोण सांगणार.

उद्यापासून मी शिवलीला मॅडम, संगणक शिक्षिका. उन्हाळ्यामुळे सकाळची शाळा आहे. म्हणजे आख्खी दुपार माझी.

८ एप्रिल, मंगळवार

शाळेतल्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, माझ्या लॅपटॉपवरही. बोलता बोलता मी संगणकाचं शिकवते हे पार्वतम्मांना कळलं आणि त्या बिस्किटाच्या डब्यातून एक सीडी घेऊन आल्या.

त्यांचा मुलगा महेश्वर वीसेक वर्षांपूर्वी वारला. क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकला होता, आणि अम्मासाठी म्हणून त्याने स्वतः एक गेम केला होता. गेममध्ये त्याचा आवाज आहे. "फोटो हायत लई. आवाज एवढाच हाय," म्हणाल्या. जुना संगणक भंगारात गेला. आजवर जेवढ्या दुकानांत सीडी दाखवली तेवढ्यांनी हात वर केले. पार्वतम्मांचा डावा कान गेलाय आणि उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तो जाण्याआधी त्यांना पोराचा आवाज एकदा ऐकायचाय.

मी शब्द दिला. आठवड्यात करून देते म्हटलं. जास्तच बोलले, पण त्या चेहऱ्यापुढे दुसरं काय बोलणार.

१० एप्रिल, गुरुवार

आठवडा कसला, महिन्यात झालं तरी देव पावला.

सीडी लावायचा ड्राइव्ह आता कुणाकडे असतो? चौकात मोबाइल दुरुस्त करणारे रफीकभाई आहेत, त्यांनी अडगळीतून काढून दिला. सीडी घरघरली पण वाचली गेली. गेम विंडोजवरचा, तोही त्या काळचा. असलं काही लिनक्सवर चालवायला वाइन नावाचा प्रोग्रॅम लागतो. नाव ऐकून पार्वतम्मांनी माझ्याकडे असं बघितलं की शपथेवर सांगावं लागलं, ही प्यायची नव्हे.

मग रडगाणं सुरू. अमुक फाइल सापडत नाही. ती आणली तर तमुक सापडत नाही. तीही आणली तर कळलं, माझं वाइन चौसष्ट बिटचं आणि गेम बत्तीसचा, दोघांचं जमणारच नाही. पुन्हा श्रीगणेशा. बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखा गरम हवा फेकतोय, आणि पार्वतम्मा जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून झालं का म्हणून विचारतात. वर येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणे.

१३ एप्रिल, रविवार

हा महेश्वर भलताच आज्ञाधारक असणार. गेम संगणकावर बसवणारा त्याचा इन्स्टॉलर प्रत्येक गोष्टीला परवानगी मागतो. काळ्या पडद्यावर, इंग्रजी अक्षरांत मराठी: ही फाइल ठेवू का? हे चित्र ठेवू का? दर वेळी होयसाठी वाय दाबायचं, नाहीसाठी एन. दाबून दाबून माझा जीव मेटाकुटीला आला.

लिनक्समध्ये एक मजेशीर कमांड आहे, तिचं नावच येस. समोरचा प्रोग्रॅम काहीही विचारो, ती न वाचता होय, होय म्हणत राहते, आपण थांबवेपर्यंत. ती जोडून दिली आणि खाली जाऊन पार्वतम्मांबरोबर ताक प्यायले. परत आले तरी प्रश्न सरकतच होते, वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने. मग थांबले. गेम बसला.

उघडला तर हेच घर. अंगण, शेड, बाहेरचा जिना, वर माझी खोली. चित्रं बाळबोध, पण खिडकीचे गजसुद्धा मोजून काढलेले. आवाज मात्र येत नाही. ज्याच्यासाठी केला अट्टाहास तेच नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आवाज आला.

गेम सोपा आहे, सुरुवातीलाच सूचना लिहिल्यात. आपण अम्मा, वरच्या खोलीत. खालून महेश्वर हाक मारतो. वाय दाबून ओ दिली की तो जिना चढू लागतो, आणि खोलीत पोचला की आपण जिंकलो. लॅपटॉप खाली नेला. "अम्मा," असा कोवळा, जरा नाकातला आवाज. पार्वतम्मांनी उजवा कान लॅपटॉपला लावला. रडल्या, मीही रडले. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, तर त्यावर बोट ठेवलं आणि परत उचललं. पहिल्याच हाकेला कशी ओ देऊ, म्हणाल्या.

मग सांगितलं. महेश्वर गेला त्या दुपारी त्या वर, माझ्या खोलीत होत्या. शेडमधून महेश्वरने हाक मारली, एकदाच. नियमाप्रमाणे त्या दुसऱ्या हाकेची वाट बघत बसल्या. त्याला मागाच्या मोटरचा शॉक बसला होता. दुसरी हाक मारायला तो उरलाच नाही.

त्यांचे गुडघे धडधाकट आहेत. त्या खोलीत पाऊल ठेववत नाही, म्हणून वर येत नाहीत.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी शेडकडून हाक आली. अम्मा. स्पष्ट, नाकातली. लॅपटॉप आज शाळेतच राहिलाय, कपाटात.

मी ओ दिली नाही. शेजारचं पोर असेल. पूर्व भागात अम्मा म्हणणारे घरोघरी आहेत.

भांडी घासली. पुन्हा घासली. हात स्वस्थ बसत नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार

शाळेत लॅपटॉप काढून गेम उघडला तर महेश्वर जिन्याच्या मध्यावर उभा. आम्ही एकदाही वाय दाबलेलं नाही.

रफीकभाईंकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मॅडम, ते काय विचारत हुतं ते वाचलं तरी का तुमी?" नव्हतं वाचलं.

घरी येऊन इन्स्टॉलर पुन्हा चालवला. या वेळी येस न लावता, हाताने, एकेक वाचत. ही फाइल ठेवू का? हे चित्र ठेवू का? बराच वेळ असंच. मग: अम्मा ओ देत नाही, रोज दुपारी हाक मारू का? शेडमधून बाहेर येऊ का? जिना चढू का? अम्माला सोबत नेऊ का?

रविवारी मी या सगळ्याला होय म्हटलंय. खाली बसून ताक पीत.

एन दाबलं. पडद्यावर वाय उमटलं. पुन्हा एन. पुन्हा वाय. पुढचा प्रश्न: वरच्या खोलीत कोण राहतं, तिलाही हाक मारू का? मी हात मांडीखाली दाबून बसले होते. वाय —

१८ एप्रिल, शुक्रवार

गेम पुसला. वाइन पुसलं. लॅपटॉप आणि ड्राइव्ह रफीकभाईंच्या दुकानात ठेवले. सीडी परत द्यायला गेले तर पार्वतम्मांनी हातात घेतलीच नाही. आता दुपारी गेमशिवाय, तसंच ऐकू येतं म्हणे. डाव्या कानानेसुद्धा.

शेडचं कुलूप त्यांनी काढलंय.

पाया पडले. म्हटलं, ओ देऊ नका, तो महेश्वर नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "एकदा न्हाय दिली की," एवढंच बोलल्या.

मला भीती वाटतेय. त्यांना इथे ठेवायचं नाही. उद्या शाळा सुटली की दुपारच्या गाडीने मैंदर्गीला नेते. कशाबशा तयार झाल्या.

१९ एप्रिल, शनिवार, दुपार

पिशवी भरली. त्या खाली साडी बदलताहेत. हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून लिहितेय.

शेडमधून हाक. अम्मा.

त्यांनी ओ दिली. आले रे, आले, म्हणत अंगणातून — धावत — मी खिडकीतून ओरडले — वळल्यासुद्धा नाहीत — शेडचं दार —

काहीच आवाज नाही.

आता माझं नाव. शिवलीला. पार्वतम्मांचा आवाज, शेडमधून. एकदाच.

माणूस असेल तर परत हाक मारतं. थांबते. दुसरी येईल.

येत नाही.

पण पडल्या असतील तर — मोटर — दुसरी हाक मारायला उरल्या नसतील तर — आणि मी याच खोलीत, त्यांच्यासारखी, वाट बघत —

नाही. मला नाही बसवत. मी ओ दे