तिसरी पाटी

६ जानेवारी १९७५, वाशीम

रुजू झालो बुवा! किन्हीराजाचा इंद्रभान आता पीक-आकडेवारीच्या कचेरीत प्रोग्रामर. हुद्दा सांगितला की समोरचा विचारतो, म्हणजे नेमकं करता काय? बायकोनेही हेच विचारलं होतं. भागिरथा बाळंतपणासाठी माहेरी गेली, ती अजून तिथेच आहे. विशाखा दीड महिन्याची झाली. खोली मिळाली की दोघींना घेऊन येईन.

कचेरी कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्यात आहे. गंमत म्हणजे कॉम्प्युटर इथे नाहीच, तो नागपूरला! आम्ही कार्डांना भोकं पाडून गठ्ठे एसटीने पाठवायचे. एक आज्ञा चुकली की गठ्ठा परत. म्हणून माणिकराव साहेबांनी रीत पाडली आहे, की प्रोग्राम आधी माणसांवर चालवायचा. सगळ्यांनी मांडीवर पाटी घेऊन रांगेत बसायचं. एकेक पाटी म्हणजे मशीनच्या आठवणीतला एकेक खाना. एकाने आज्ञा वाचायच्या, नवा आकडा आला की जुना पुसायचा. दुसऱ्याने लिहिलेलं समजून घ्यायचं तर नवख्याने आधी मशीन व्हावं, असं साहेबांचं म्हणणं. मला पहिलीत परत बसल्यासारखं वाटलं.

साहेब अकोल्याचे. मूलबाळ नाही. पण रिठदच्या विहिरीत पोहायला शिकल्याच्या गोष्टी फार रंगवून सांगतात.

८ जानेवारी

मला शिकायला एक जुना प्रोग्राम दिलाय. भलताच गुंतागुंतीचा, पण एक जागा लगेच ओळखली, अदलाबदलीची. एका गडूत दूध, दुसऱ्यात ताक, आणि ते बदलायचं तर तिसरा रिकामा गडू लागतोच. इथे पहिली पाटी कचेरीतल्याच, पोहरादेवीच्या धनीबाईंची, दुसरी साहेबांची, आणि मधल्या वेळेपुरतं सगळं ठेवायला तिसरी माझी. पूर्वी तिथे दौलतराव बसत. ते आता नुसते दाराशी असतात, हसून बघतात. मी चपराशी समजून पाणी मागितलं, त्यांनी आणूनही दिलं.

धनीबाईंनी समजावलं, "भाऊ, पाटी पुसली का मागचं इसरून जायचं. मनात ठेवसान तं हिशेब चुकते." मला ते छान जमलं. साहेब खूश.

१३ जानेवारी

दुपारी सगळ्यांनी हुरडा खाल्ला. मी सहज सांगून गेलो की लहानपणी पोहरादेवीच्या जत्रेत आईचं बोट सुटलं, आणि बंजारा बायकांच्या आरशांच्या घागऱ्यांमधून मी रडत फिरलो. सांगून झाल्यावर चरकलो. मी पोहरादेवीला कधी गेलोच नाही. आमची आई तर नऊवारी नेसते.

धनीबाई हुरडा मुठीत धरून बसल्या होत्या. ती मी होती, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, माय सापडली का? त्यांना आठवेना.

१७ जानेवारी

हा प्रोग्राम दौलतरावांनी लिहिलाय. ते इथले पहिले प्रोग्रामर. गाव रिठद, साहेबांच्या गोष्टीतल्या विहिरीचं! घरचे न्यायला आले तेव्हा दौलतरावांनी कोणालाच ओळखलं नाही, असं धनीबाई सांगतात.

मला भीती वाटते, सरळ लिहितो. साहेबांना म्हटलं, मी पाटीवर बसणार नाही. ते प्रेमाने म्हणाले, "समजाले लागलं का सगळ्याइले असंच वाटते. अर्ध्यात उठसान तं गेलेलं परत येत नाही. शेवटपर्यंत चालला, का ज्याचं त्याले भेटते."

आई कशी हसते ते आज आठवेना. म्हणून बसलो.

२२ जानेवारी

सकाळी मुलीचं नाव सुचेना. मागचं पान काढून वाचलं. विशाखा. विशाखा. विशाखा.

साहेब गुणगुणत होते. अंगाई. भागिरथा म्हणते तीच, तिच्याच चालीत, मध्ये विशाखाचं नाव घालून. मी त्यांना नाव कधीच—

२५ जानेवारी

प्रोग्रामचा शेवट गाठला. आता सगळा समजला. परत देण्याची आज्ञा त्यात नाहीच. शेवटी एकच, तिसरा खाना पुसा.

पळायला हवं. पण गाव— पहिल्या पानावर आहे. किन्ही— तिथे माझं कोण—

२८ जानेवारी

दारात एक बाई आली आहे. पदराखाली तान्हं मूल. माझ्याकडे बघून म्हणते, "अवो, काहून बोलून नाही राह्यले?" मी हसून बघितलं. पाणी आणून दिलं.

साहेब धावत गेले. रडत होते. माझी विशाखा, म्हणाले, आणि मूल तिच्या हातातून घेतलं. अंगाई म्हटली. मूल गप्प झालं.

बाई अजून माझ्याकडेच बघते आहे. का ते कळत नाही.

दौलतराव सरकले. दाराशी जागा झाली.

साहेब मुलाला थोपटत आज्ञा वाचताहेत. शेवटची. पाटी घेतली. फडकं ओलं केलं. धनीबाईंनी कानात काही सांगितलं तशी बाई ओरडते आहे, पुसू नका, अवो, पु—