अर्जदाराचे वय: सात वर्षे

सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही (माझा गुडघा दुखतो, म्हणून त्यांना पत्रातूनच वाकतो). तुझी पाठ कशी आहे? शेक घेतेस का, की जरा बरं वाटलं म्हणून सोडून दिलास? इकडे बाबा ठीक आहेत, आणि ते ठीक राहतील ना या काळजीने मी ठीक नाही. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आमच्याकडे रेंज फक्त बैठकीच्या खोलीत येते आणि तिथे बाबा बसलेले असतात; दुकानातून बोलावं तर मालकीणबाई कान देऊन असतात. म्हणून हे पत्र.

मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. साडेपाचला उठलो. देवापुढे हात जोडले (नेहमीपेक्षा घाईने, आणि वर न बघता). बैठकीचं दार लावलं, दाराखालच्या फटीला टॉवेल लावला, टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद केला आणि त्या खुनाच्या मालिकेचे शेवटचे दोन भाग उभ्याने पाहिले. उभ्याने अशासाठी, की बाबा मध्येच आले तर मी नुकताच काहीतरी घ्यायला आलोय असं दिसावं. पावणेदोन तास मी नुकताच आलेला होतो. एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी धरून ठेवली होती. मला मालिकेची हौस नाही, तुला ठाऊक आहे; ती पाहताना माणसाच्या छातीत काय होतं तेवढंच मला पाहायचं होतं. अकराव्या भागाच्या मध्यावर नाडी एकशे आठ होती. बाराव्या भागात मोजायचं विसरलो.

आता ही पाळी का आली ते ऐक. (तुला दोष देत नाही, फक्त क्रम सांगतो.) तू पाठवलेली, टीव्हीला जोडायची ती काळी डबी, जिला आमची लेक मीडिया सेंटर म्हणते, तिच्यात तू भजनं, जुनी नाटकं, घरातल्या लग्नांची चित्रणं असं पुष्कळ भरून दिलं होतंस. बाबांना त्यातून नेमकी ती मालिका सापडली. लहानसं गाव, घड्याळजीचा खून, एकूण बारा भाग. दहाव्या भागाच्या शेवटी बेकरीवाल्याच्या कपाटाचं दार आतून ढकललं जातं आणि भाग संपतो. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हे काही बरोबर नाही." आम्हाला वाटलं कथेबद्दल बोलताहेत. अर्ध्या तासाने आम्ही दवाखान्यात होतो.

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे मनाला ताण नको, उत्तेजना नको. आणि तू फोनवर रडत रडत म्हणालीस, "आधी त्या डबीला कुलूप घाल." मी घातलं. म्हणजे लेकीने घातलं, मी मागे उभा राहून मान हलवली. पण डबीच्या समजुतीत कुलूप आईबाप लावतात आणि लेकरांना लागतं. उलटं काही घडू शकतं हे ती बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. हृदयविकार असा पर्यायच तिथे नाही. तिथे फक्त वय आहे. सोळा वर्षं लिहिली तर खून दिसतात, फक्त रक्त दिसत नाही. तेरा लिहिली तर भुतं दिसतात. ज्यात छाती अजिबात धडधडणार नाही असं वय एकच होतं. म्हणून आपले बाबा, चौतीस वर्षं गावच्या शाळेचे हेडमास्तर, त्या डबीच्या लेखी सात वर्षांचे झाले.

त्यानंतर टीव्ही लावला की ससा येऊ लागला. टोपी घातलेला, हातात फुगा. "शाब्बास बाबा! तू आज दोन गोष्टी पाहिल्यास!" ताई, एकेरीत! बाबांना एकेरीत बोलणारं शेवटचं माणूस म्हणजे आजी, आणि तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. तासाभराने ससा जातो आणि झोपलेलं अस्वल येतं. "आता डोळ्यांना विश्रांती दे." पहिल्या दिवशी बाबा त्या अस्वलासमोर बराच वेळ बसून राहिले. ते उठेल अशी त्यांची समजूत होती. चौथ्या आठवड्यात तपासणीला नेलं तर रक्तदाब दहाने वाढलेला. डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि बाबांना विचारलं, "टीव्हीवर काय बघता हो?"

"ससा," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून लागलेलं नाही.

मग बाबांना रिमोटवरचं ते बटण सापडलं. कुलूप असलेल्या गोष्टीवर ते दाबलं की "मोठ्यांना विचारूया का?" असं येतं, खाली कारण लिहायला चौकट येते, आणि लिहिलेलं थेट माझ्या फोनवर पोचतं. दुसरा कुणी असता तर "लावू दे रे" एवढं लिहून मोकळा झाला असता. बाबांनी अर्ज केला. "प्रति, मा. नियंत्रक, टीव्ही विभाग, बैठकीची खोली. विषय: उर्वरित दोन भाग पाहण्यास परवानगी मिळणेबाबत." रिमोटने एकेक अक्षर शोधत हे लिहायला त्यांना पाऊण तास लागला (वेळ लेकीने लावली होती). चौकटीत दीडशेच अक्षरं मावतात, म्हणून एकूण तीन अर्ज आले, प्रत्येकाला जावक क्रमांक घातलेला.

मी तेव्हा दुकानात काच घासत होतो. तुला माहीत आहे, चष्म्याची काच घासताना माणसाने दुसरा विचार करू नये. फोन तीनदा थरथरला, मी वाचायला गेलो, आणि एका शिक्षिकाबाईंची गोल फ्रेमची काच लंबगोल होऊन बसली. मालकीणबाई म्हणाल्या, "आता त्यांचं डोकं घासून बसवणार का?" मी ओल्या अंगठ्याने "नाही" दाबलं.

दाबलं आणि हात तसाच राहिला. शाळेत मला बाबांना गुरुजी म्हणावं लागे, आठवतं ना? एकदा चुकून बाबा म्हटलं तर व्हरांड्यात उभा केला होता. पण "गुरुजी, बाहेर जाऊ?" असं मी चार वर्षं रोज विचारलं, पुष्कळदा उगाचच, आणि त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. घरी ससा कान पाडून, रडवी पिपाणी वाजवून म्हणाला, "मोठी माणसं म्हणतात, आज नको." हे मला हिने संध्याकाळी सांगितलं. बाबांनी हिला विचारलं म्हणे, "मोठी माणसं म्हणजे कोण गं?"

"हे," ही म्हणाली.

"अस्सं. एकोणतीसचा पाढा येतो का आता त्याला?"

दुसरा अर्ज रीतसर वरिष्ठांमार्फत आला, वरिष्ठ म्हणजे सूनबाई. तिने शेवटी शेरा मारला होता: "अर्जदार भाजी वेळेवर निवडून देतात. शिफारस आहे." मी तोही फेटाळला. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात नुसत्या पोळ्या होत्या.

ताई, हसू नकोस. मला खरंच झोप लागेना. ती मालिका पाहताना काही झालं तर मीच केलं असं होईल. पण न पाहताच काही झालं तर? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि खुनी कोण हे न कळताच गेला! सकाळी देवापुढे बसलो की डोळे मिटल्याबरोबर ते कपाट दिसायचं. देवाकडे काय मागायचं तेही सुचेना. आयुष्य माग म्हणावं तर किती? दोन भागांपुरतं? असं मागणं तोंडातून निघून जाईल या धास्तीने मी प्रार्थनाच थोडक्यात आवरू लागलो. शेवटी वाटलं, आपणच आधी पाहून घ्यावं. फार धक्का नसला तर हो म्हणावं. तो मंगळवार.

पण झालं भलतंच. आता खुनी कोण हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे बाबांना माहीत आहे. चहा घेताना त्यांनी फक्त विचारलं, "पाहिलेस?" त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही, पन्नाशी आली तरी आलेलं नाही. मग त्यांनी खुनी विचारला असता तर मी नाही म्हटलं असतं. त्यांनी विचारलाच नाही. नुसतं आपल्याशी बोलल्यासारखं म्हणाले, "पोस्टमन भला वाटतो." आणि माझ्या कानाकडे पाहिलं. माझे कान लाल होतात, ताई. पाटी फोडली तेव्हाही झाले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई फारच कमी बोलतात." पुन्हा कान. जेवताना बेकरीवाला, हात धुताना त्याचा भाचा. मंगळवार संध्याकाळपासून मी घरात कानटोपी घालून वावरतो. या उकाड्यात. शेजारच्या शिंपीणकाकूंनी हिला विचारलं, "यांचं काही दुखतंय का?"

काल जेवणाच्या सुटीत डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, सहावा आठवडा चालू आहे, दोन भाग दाखवू का? शेवटच्या भागात एक... "थांबा!" डॉक्टर दोन्ही हात वर करून ओरडले. "सांगू नका! माझे तीन राहिलेत!" मग खुर्चीत नीट बसले, चष्मा पुसला (आमच्याच दुकानाचा, काच बरी बसली आहे) आणि म्हणाले, "हृदय चांगलं चाललंय. पण पाहण्याने जास्त ताण येतो की न पाहण्याने, हे काही आमच्या मशीनवर दिसत नाही. घरच्यांनी ठरवा."

घरचे म्हणजे मी. आणि मला ठरवता येत नाही. तू थोरली आहेस, तुझी बुद्धी माझ्यापेक्षा नेहमीच थंड. तू ठरव. पत्र मिळाल्याबरोबर हो की नाही एवढंच कळव. तू म्हणशील ते मी डोळे मिटून करीन आणि मग जे होईल ते आपल्या दोघांचं.

भाऊजींना सांभाळ. पाठीला शेक घे.

तुझा धाकटा

ता. क. खरं तर हो की नाही असं मी उगाच लिहिलं. माझी विनंती अशी आहे की तू नाही म्हण, आणि ते मला न कळवता बाबांना फोन करून सांग. तुझ्यावर ते रागावत नाहीत. मी गेले दोन आठवडे रोज "नाही" दाबतो आहे आणि आता तो अंगठा मला माझा वाटत नाही. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

पुन्हा ता. क. गुरुवार, दुपार. फोन करू नकोस. पत्र पाकिटात घालून दुकानात नेलं होतं, तिथे अकरा वाजता आणखी एक अर्ज आला. तो जसाच्या तसा उतरवतो. "विषय: वय दुरुस्त करून मिळणेबाबत. अर्जदाराचे वय सात नसून अठ्ठ्याहत्तर आहे. कृपया नोंद व्हावी. मालिकेबाबत आपला निर्णय मान्य राहील." खाली कुणाची शिफारस नव्हती, जावक क्रमांकही नव्हता.

मी यंत्र बंद केलं. मालकीणबाईंना सांगितलं, "घरी जाऊन येतो." "काय झालं? वडील बरे आहेत ना?" त्या घाबरून म्हणाल्या. मी म्हटलं, "बरे आहेत, म्हणूनच."

बाबा खुर्चीत बसले होते, टीव्ही बंद. मी रिमोट उचलला. त्या डबीत जन्मसाल बदलायचं तर बाण दाबत एकेक वर्ष मागे जावं लागतं. दाबत गेलो. लेकीचं साल गेलं, आई गेली ते साल गेलं, माझं लग्न, तुझं लग्न, माझं जन्मसाल, तुझं. अंगठा दुखायला लागला तरी बाबांचं येईना. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. मध्येच एकदा म्हणाले, "सावकाश. पुढे जाशील." ससा गेला. मग मी दाब मोजायचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला आणि अकरावा भाग लावला. बाराव्याच्या पाचव्याच मिनिटाला त्यांनी एक नाव घेतलं (इथे लिहीत नाही, भाऊजींची अजून पाहायची राहिली आहे म्हणालीस) आणि हिच्याकडे चहा मागितला. नाव बरोबर होतं. मी टोपी घातली होती, देवाशपथ. शेवटी त्यांची नाडी शहात्तर. माझी मोजली नाही.

आता ते आत झोपले आहेत. हे लिहिताना दोनदा उठून श्वास पाहून आलो. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे न उघडताच "आहे रे" म्हटलं. डबीचा पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घेतला आहे. माझ्या फोनवरचं परवानगी द्यायचं ते पान काढून टाकलं, आणि ते पुन्हा उगवणार नाही ना, हे लेकीकडून दोनदा तपासून घेतलं.