मोहाखालची अर्धी गोष्ट

चांदा, एप्रिल १९५९. सायंकाळ.

विमल यशवंत बोरकर, आज तुझा इतिहासाचा अंतिम पेपर होता, आणि त्याच वेळी मी तुझी भाड्याची खोली रिकामी करीत होतो. तापाने तुला नेले त्यास महिना झाला. परीक्षा तर बुडाली. मग ते वर्ग कशासाठी? नवरा मी सावली गावच्या शाळेत मास्तर, बायको तू येथे कॉलेजात, वर्षभर. "पुस्तके घरीही वाचता येतात," असे मी म्हणे. तू केवळ हसत असायचीस.

घरमालकीण जनाबाई दारात आली. पहाटे मोहाची फुले वेचायला ती तुला सोबत नेत असे.

"वर्गात ऐकलेलं सारं बाई आमाले झाडाखाली सांगे, भाऊ. थो फ्रान्सचा राजा पळता पळता सापडला, तिथीच गोष्ट राह्यली. राजा होऊन मेला पळाला कसा! पुढं का झालं?"

उंबरठ्यावर बसून मी राजाचा शिरच्छेद यथाक्रम कथन केला. जनाबाईने शेवटपर्यंत ऐकले आणि पदराने डोळे पुसले.

"बाई चांगली सांगे."

ते अश्रू राजासाठी नव्हते. विमल, घरी वाचले असतेस, तर ही गोष्ट कोणी अर्धी तरी ऐकली असती? मला तर तीही कधी ऐकता आली नाही.

खोलीस कुलूप लावले. किल्ल्या जनाबाईस परत केल्या.