एकोणीस टाचण्या

सोमवार, ३ एप्रिल

एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा कामावर रुजू झाले! गाव नवे, संग्रहालय नवे आणि छातीवर नावाचा बिल्ला. जुन्या विमानतळाच्या शेडमध्ये हे संग्रहालय आहे. इथली प्रमुख इंग्रिड ॲडलर माझ्या नातीच्या वयाची. तिने दारातच माझा हात धरला आणि म्हणाली, मिसेस काचमारेक, चंद्रावरचे कपडे शिवलेली बाई मी पहिल्यांदाच बघतेय. मी म्हटले, बघून घे बाई, आता फार उरलो नाही आम्ही.

मग तिने भिंतीवरचा, पोशाख घडवणाऱ्यांचा फलक दाखवला आणि माझे डोके फिरले. चौदा नावे, चौदाही पुरुषांची. आराखडे काढणारे, सह्या करणारे. चंद्रावर माणूस आराखडा नेसून गेला होता का? कापड नेसून गेला होता, आणि ते शिवले डेलावेरच्या कारखान्यातल्या आम्हा बायकांनी, ज्या त्याआधी तिथेच बायकांचे आतले कपडे शिवत होतो. टाका टाचणीच्या डोक्याइतका सरकला तरी अख्खी शिवण उसवायला लावत. हे सगळे मी इंग्रिडला तिथेच सुनावले. ती हसली. म्हणाली, म्हणूनच तुम्हाला बोलावलंय, नावं द्या, ईस्टरनंतर नवा फलक लावू.

घरी येऊन स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाची वडी, तळले. ईस्टरआधीचा उपवासकाळ असूनही दोन काप जास्तच खाल्ले.

बुधवार, ५ एप्रिल

कोठार थंडगार. पोशाख मोठाल्या कप्प्यांत उताणे निजवलेले, वर मलमल. आतले रबर म्हातारे होऊन कडक पडते, चिकटते. म्हणून नायलॉनच्या पायमोज्यांत कापूस भरून ते बाह्यांत आणि हातमोज्यांच्या बोटांत सारायचे. इंग्रिड म्हणाली, चंद्रावर जाऊन आलेल्या हातात आजीबाईंचे पायमोजे! दोघी खूप हसलो.

तिसऱ्या कप्प्यात उजव्या हाताचा एक हातमोजा होता. तळव्यावर पोलादी धाग्यांचे कापड, बोटांच्या टोकांना निळे रबर, शिवणीत अजून राखाडी धूळ. अंगठ्याच्या वळणावरचा टाका मी लगेच ओळखला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर युलालियाने पट्टी मारून शिकवलेला, माझा टाका. अभिमान वाटायला हवा होता. मी कापूस भरला आणि कप्पा बंद केला.

शुक्रवार, ७ एप्रिल

अकरा जणींची नावे लिहून दिली. माझे पहिले.

दुपारी एक बाई आली, कॉर्डेलिया टिलमन, शाळेत शिकवते. तिची आई वर्नेल या हिवाळ्यात गेली. आईचे नाव फलकावर यावे एवढेच तिचे म्हणणे. वर्नेल दोन वर्षे माझ्या शेजारच्या मशीनवर बसत होती. त्या खोलीतली एकटी काळी बाई. यादीत मी तिला घेतले नव्हते.

इंग्रिडने कारखान्याच्या जुन्या नोंदीची प्रत काढली. त्यात वर्नेलपुढे लिहिले होते, टाचणी हरवल्यावरून कामावरून काढले. इंग्रिड म्हणाली, हे असं असताना विश्वस्त नाव घेणार नाहीत, पण त्या वेळचं कुणी काही सांगितलं तर बघू. कॉर्डेलिया माझ्याकडे वळली. आई तुमच्याबद्दल बोलायची, म्हणाली. बर्नाडीन जेवणाच्या सुट्टीत पीच आणायची आणि अर्धं मला द्यायची, असं सांगायची.

मी म्हटले, फार वर्षे झाली, काही आठवत नाही.

सोमवार, १० एप्रिल

तिसऱ्या कप्प्यातला हातमोजा मी उघड्या तळव्याने ठेवला होता. आज बोटे मिटलेली. इंग्रिड म्हणाली, थंडीने रबर आखडतं. असेल.

आत रबर तडकलंय का ते बघायला तिने हातमोजा गावातल्या गुरांच्या डॉक्टरकडे नेला. एक्स-रेचे यंत्र त्याच्याकडेच आहे. तासाभरात परत आली आणि फिल्म उजेडाला धरली. तळव्याच्या थरांमध्ये एक टाचणी. बारीक, पांढरी, सरळ. इंग्रिडचा चेहरा उतरला. म्हणाली, हे घालून माणूस चंद्रावर फिरला? एक भोक पडलं असतं तर! कुणी शिवला हा?

मी म्हटले, वर्नेलने.

इतक्या सहज म्हटले.

काय झाले होते ते इथे तरी लिहिते. रोज सकाळी प्रत्येकीला वीस टाचण्या मिळत, संध्याकाळी वीस परत द्यायच्या. त्या दिवशी माझ्या एकोणीसच भरल्या. वर्नेल पाणी प्यायला उठली होती. तिच्या टाचण्यांच्या उशीतली एक मी काढून माझ्या उशीत खोचली. मग तिच्या एकोणीस भरल्या. मुकादमाने तिचे दिवसभराचे काम टराटरा उसवले. काही सापडले नाही, सापडणार कसे? टाचणी माझ्या हातमोज्यात होती आणि तो कुणी तपासलाच नाही, कारण माझ्या वीस भरल्या होत्या. वर्नेल एवढेच म्हणाली, मी मोजल्या होत्या, साहेब. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी धागा ओवत होते.

तो माणूस चंद्रावर असताना दिवसरात्र माळ जपत होते. तो सुखरूप आला. मला वाटले, देवाने माझा हिशेब मिटवला. पाद्रीबाबांपुढे मात्र एवढेच कबूल केले की कामात हलगर्जीपणा झाला.

मंगळवार, ११ एप्रिल

कापूस आणि पायमोजे कप्प्याच्या तळाशी पडलेले. बाहेर कुणी काढले? हातमोजा तरीही भरलेला. बोट लावून पाहिले. कोमट होता.

इंग्रिडने पुन्हा फिल्म काढून आणली. टाचणी तिथेच आहे. पण भोवती हाडे दिसतात. लहान हात, बाईचा, मधल्या बोटावर अंगुस्तान, शिवताना घालायची धातूची टोपी, पांढरे लख्ख. डॉक्टर म्हणे आधीच्या कुणाची तरी सावली उमटली असेल. इंग्रिडने त्याला फोनवर झापले, गाईंना हात असतात का हो डॉक्टर?

मला हसू आले नाही. अंगुस्तान घालायची म्हणून आम्ही सगळ्या जिला चिडवायचो, ती एकच होती, वर्नेल.

बुधवार, १२ एप्रिल

कॉर्डेलियाचा फोन. इंग्रिडने तिला कळवले की टाचणी सापडली, हातमोजा आईनेच शिवलेला, नाव येणार नाही. मला वाटले ती भांडेल. ती म्हणाली, मिसेस काचमारेक, आई जेवायला बसली तरी टाचण्या मोजायची. ताटाशेजारी ओळ लावून. मरेपर्यंत. वीस भरल्या की मगच घास घ्यायची. मला वाटायचं तिला वेड लागलंय. आता कळलं, तिच्या हातून चूक झाली होती. आईवर उगाच चिडले मी. तुम्ही खरं सांगितलंत, आभारी आहे.

आभारी आहे म्हणाली.

मी फोन ठेवला. हात धुतले. पुन्हा धुतले.

गुरुवार, १३ एप्रिल

मनगटाच्या अस्तराखाली पट्टी असते. शिवणारणीची आद्याक्षरे. इंग्रिडला आज कुठूनसे कळले. सोमवारी उसवून बघणार.

त्या पट्टीवर माझी आहेत.

आज कप्प्यातून आवाज. धातूवर धातू, हळू. मोजल्यासारखा. एकोणीसपर्यंत. मग थांबतो. मग परत —

इंग्रिडला ऐकू येत नाही. विचारले मी.

शुक्रवार, १४ एप्रिल. गुड फ्रायडे

संग्रहालय बंद. किल्ली माझ्याकडे आहे. सगळे चर्चमध्ये असताना मी इथे, कात्री घेऊन. लाज वाटते. तरी आले.

कप्पा उघडला. तळवा वर. पट्टी आत खोल. हात घातला —

आत रिकामे नव्हते.

डाव्या हाताने लिहिते आहे. वही एप्रनच्या खिशात होती. उजवा हात निघत नाही. आतून धरला आहे. बोटांत बोटे. अंगुस्तान माझ्या हाडाला लागते. फार आवळत नाही. वाट पाहते आहे.

ओरडून पाहिले. कुणी नाही.

काय हवे ते समजले. हे पान इंग्रिडसाठी. कॉर्डेलियासाठी.

हातमोजा मी शिवला. बर्नाडीन काचमारेक. वर्नेलच्या टाचण्या वीस होत्या. तिने बरोबर मोजल्या होत्या. पण त्या दिवशी मुकादम —

आवळले. अंगठ्याचे हाड —

खोडते. 'पण' खोडला. मुकादम नाही. कुणी नाही. मी.

सैल झाले. थोडे.

तिची टाचणी मी घेतली. तिला काढले तेव्हा मी गप्प बसले. या आठवड्यात पुन्हा खोटे बोलले. तिचे नाव लावा. माझे काढा. तिच्या मुलीला सांगा, आई —

सैल. बोटे सुटत आहेत. एकच उरले. तळव्यात टाचणीचे टोक, अगदी हलके.

अजून एक वाक्य. मग सोडेल. लिहिते. कॉर्डेलिया, तुझ्या आईचे मी वाईट चिंतले नव्हते ग, मी तेव्हा फक्त —