गळती पूर्ण थांबली आहे

५ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाचे संकल्प. एक, रोज डायरी लिहिणे. (चार दिवस उशीर झालाय, पण कुठलीही गोष्ट सोमवारी सुरू केलेली बरी.) दोन, सकाळी चालायला जाणे. तीन, नागोरावचा विचार न करणे.

नागोराव आमच्याच बिल्डिंगमधला, आमच्याच सी विंगचा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालाय. चौतीस वर्षं इंजिनं उघडली हे तो स्वतः कधी सांगत नाही, आमचं अख्खं जेसल पार्क सांगतं. त्यात आमची लेक रुचिता सगळ्यांत पुढे. तिने बँकेतली नोकरी सोडली आणि शहराबाहेर डोंगरी गावात भाड्याच्या प्लॉटवर क्वाड बाइकच्या राइड सुरू केल्या. क्वाड म्हणजे चार चाकांची मोटारसायकल. दोन लहान आहेत आणि एक मोठी, लाल, स्पोर्ट मॉडेल, सेकंडहँड. लोक येतात ते लालवर बसायला. आणि काही बिघडलं की हिचा फोन ठरलेला, "नागोरावकाका, जरा येता का?"

लहानपणी सायकलची चेन पडली की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं "बाबाऽ" ओरडायची.

मला मत्सर वगैरे नाही. फक्त नोंद केली.

६ जानेवारी, मंगळवार

संधी चालून आली. जेवताना रुचिता म्हणाली, लालखाली हिरवं पाणी साचतंय, इंजिन थंड ठेवणारा कूलंट गळतोय. नागोरावला दाखवलंस का, असं मी सहज विचारलं. ती जरा थांबली. मग म्हणाली, "तू बघतोस का, बाबा?"

बघतोस का म्हणजे काय! पंपांच्या कंपनीत स्टोअर्सला एकोणतीस वर्षं काढली. सील, गॅस्केट, होज, क्लॅम्प, सगळं या हातांनी इश्यू केलंय. पार्टचं नाव माहीत असलं की निम्मी दुरुस्ती तिथेच होते. उरलेली निम्मी कोण करणार, असं सुचेताने विचारलं. बायकोच्या अशा प्रश्नांना मी उत्तरं देत नाही.

गुरुवारी डोंगरी. दहा मिनिटांचं काम.

८ जानेवारी, गुरुवार

साडेचार तास लागले. त्यात बसची वाट बघणं धरलंय.

निदान लगेच केलं, रबरी नळीचा क्लॅम्प सैल. आवळला. खात्रीसाठी अजून एक पिळा दिला, तर तुटला. जुना असणार. तार बांधली. मग रेडिएटरचं झाकण उघडलं. गळती बघायला मी येण्याआधी इंजिन चालू ठेवलं होतं हे कोणी सांगायला नको? कुकरची शिटी उडावी तशी वाफ आली. डोकं वेळेवर मागे घेतलं, याला अनुभव म्हणतात. शर्ट गेला.

थंड झाल्यावर कूलंट भरला. दहा मिनिटं बघत बसलो. थेंब नाही. रुचिताला अंगठा पाठवला, तिने हार्ट पाठवलं. नागोरावला तिने अजून हार्ट पाठवलं नसावं. खात्री करून घ्यायला मार्ग नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

रुचिता म्हणते पुन्हा साचलंय. कालचंच असेल, असं सांगितलं.

लिफ्टमध्ये नागोराव आणि त्याची बायको कमळाबाई. क्वाडबद्दल त्याला कळलेलंच होतं. (कोणी सांगितलं?) कोणी न विचारता सल्ला, आधी सगळं पुसून कोरडं करा आणि मग गाडी चालू करून बघा. "पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतंय, पंढरीनाथराव. तिकडं ध्यान द्या." तेवढ्यात तिसरा मजला आला, मी उतरलो. मी राहतो पाचव्यावर.

दार बंद होताना कमळाबाई काहीतरी चांगलं सांगत होत्या. पूर्वी रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर लोक त्यात हळद टाकत, बारीक छिद्रं बुजत. नागोराव मध्येच म्हणाला, ते निव्वळ डेपो गाठण्यापुरतं. बायकोला कधी श्रेय द्यायचं नाही, असा स्वभाव.

११ जानेवारी, रविवार

हळद टाकली. आधी दोन चमचे, मग एवढ्या लांबून आणलीच आहे तर सगळी. हिरव्यात पिवळं मिसळून पोपटी झालं, दिसायला फ्रेश. गळणं स्पष्टपणे कमी.

जेवताना जाहीर केलं. रुचिताच्या जिवात जीव आला. पुढच्या रविवारी एका ऑफिसची वीस माणसं येणार आहेत. आवडलं तर दर महिन्याला येणार, नाही तर पावसाळ्यापर्यंत प्लॉट टिकवणं कठीण, असं म्हणाली. लाल चाललीच पाहिजे. मग म्हणाली, "बरं झालं बाबा, तू होतास."

बरं झालं बाबा, तू होतास. (दोनदा लिहिलं. राहू दे.)

सुचेता भाजीत हळद का नाही म्हणून डबे शोधत होती.

१२ जानेवारी, सोमवार

चालण्याचा संकल्प सुरू. चालत बसस्टॉपपर्यंत गेलो, तिथून पहिल्या बसने डोंगरी. लालखाली थाळीएवढं डबकं. पुसलं, बाटलीच्या खुणेपर्यंत कूलंट भरला, माती टाकली. रुचिता नऊला येते, मी आठला परत.

याला फसवणूक म्हणत नाहीत. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

मेंटेनन्सचा तिसरा दिवस. डबकं आता परातीएवढं. गोडदेव नाक्यावरच्या दुकानात कूलंटचा चौथा कॅन घेतला. दुकानदार म्हणाला, "अंकल, कितनी गाड़ियाँ हैं आपकी?" फ्लीट आहे म्हणून सांगितलं.

संध्याकाळी नागोराव तिळगूळ घेऊन आला. गोड बोललो, जमेल तेवढं. अजून गळायलंय का, विचारत होता. बंद झालं म्हटलं. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. बूट हिरवे झाले आहेत. मग माझ्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला. माणूस खोचक बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

आत रुचिता त्याला खळखळून हसत काहीतरी सांगत होती. माझ्याशी बोलताना ती एवढी हसत नाही. पोटात कुठेतरी दुखलं. तिळगूळ जास्त झाला असावा.

१६ जानेवारी, शुक्रवार

सापडलं! बॅटरी घेऊन गाडीखाली झोपलो. पंपाच्या खालच्या अंगाला मुगाच्या दाण्याएवढं भोक, त्यातून टप टप. क्लॅम्प नाही, झाकण नाही, चक्क कारखान्यातून येतानाच पडलेलं भोक. एवढी मोठी चूक आजवर कुणाच्या लक्षात आली नाही. नागोरावला माहीत होतं आणि तरी त्याने नुसतं ध्यान द्या म्हटलं. बुजवलं मात्र नाही. चौतीस वर्षं हेच केलं असणार.

नळाला लावतात ती लांबी मळली आणि अंगठ्याने दाबून भरली.

१७ जानेवारी, शनिवार

गळती पूर्ण थांबली आहे. रुचिताने अख्खी दुपार गाडी चालू ठेवून बघितली, एकही थेंब नाही. एवढी कोरडी जमीन मी आयुष्यात पाहिली नव्हती.

नागोरावला मुद्दाम गाठून सांगितलं. कुठून गळत होतं, सील बदललं का, विचारायला लागला. ट्रेड सीक्रेट म्हटलं. मग म्हणाला, उद्या गाडी काढायच्या आधी तेल तेवढं बघून घ्या. चेहरा एकदम पडलेला. जळफळाट स्पष्ट दिसत होता. मला वाईट वाटलं. काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१८ जानेवारी, रविवार

थोडक्यात लिहितो.

तिसऱ्या फेरीला लालमधून पांढरा धूर. मग खडखड. मग बंद. वीस माणसं उभी. त्यांचा साहेब घड्याळ बघत होता.

रुचिताने फोन काढला. मी तिच्यापासून चार फुटांवर होतो. तिने नागोरावला लावला.

तो रिक्षाने आला, पिशवी घेऊन. तेलाचं झाकण उघडलं. आत तेल नव्हतं, दूध जास्त झालेला चहा होता. मग गाडीखाली झोपला. बराच वेळ तिथेच होता. उठला तेव्हा बोटांत माझी लांबी होती, वाळलेली, वर अंगठ्याचा ठसा. त्याने ठसा पाहिला, मग माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला.

"हे भोक बुजवायचं नसतंय," तो रुचिताला म्हणाला. "आतलं सील गेलं की पाणी हितून बाहेर येतंय, माणसाला कळावं म्हणून. बुजवलं की आत तेलात जातंय." आणि लांबी मुठीत दाबून म्हणाला, "आधीच्या मालकाचं काम दिसतंय."

ऑफिसवाली माणसं दोन लहान क्वाडवर आळीपाळीने बसली. अर्ध्या तासात गेली.

१९ जानेवारी, सोमवार

सुटलो. कोणाला काही कळलेलं नाही.

नंतर राग आला. एवढ्या लोकांसमोर मला उघडं पाडायची संधी होती आणि याने झाकलं. म्हणजे इंजिनातही हाच पुढे आणि चांगुलपणातही हाच. माणसाने एखादं खातं तरी दुसऱ्यासाठी सोडावं. मला त्याचा हेवा वाटतो. आज स्पष्टच लिहितो. तिने त्याला फोन लावला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं.

२१ जानेवारी, बुधवार

लालचं इंजिन नागोरावच्या पार्किंगमध्ये उघडून ठेवलंय. रुचिता एकटीच पार्ट पुसत होती. मी म्हटलं, लांबी मी भरली.

म्हणाली, माहीत आहे. रेडिएटरमधून आपल्या घरची हळद निघाली. आधीच्या मालकाची नसणार.

मग म्हणाली, काकांनी पहिल्याच दिवशी बघून सांगितलं होतं. पंपाचं सील गेलंय, दोन दिवसांचं काम, तोवर गाडी काढू नको. उघडायला पानेसुद्धा घेऊन आले होते.

मग केलं का नाही, मी विचारलं.

"मीच थांबवलं. म्हटलं, काका, हे बाबाला करू दे. तो हल्ली घरात गप्प गप्प असतो." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. "जमत नाहीये म्हणाला असतास तरी चाललं असतं रे. तू गळती थांबली म्हणालास, म्हणून मी गाडी काढली."

त्या ऑफिसवाल्यांनी पुढचं बुकिंग रद्द केलंय.

मी एक फडकं घेतलं आणि पुसायला बसलो. नीट पुसलं जात नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

सकाळपासून नागोरावच्या हाताखाली. मी ताट धरतो, तो त्यात नट ठेवतो. पाना मागितला की देतो. नावं सगळी पाठ आहेत, एकही चुकलो नाही.

अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. रुचिता, डोंगरीहून. लहान क्वाड सुरू होत नव्हती. मागे गिऱ्हाइकांचा आवाज. तिने मला फोन केला होता. मी उठून उभा राहिलो, बोल गं म्हटलं.

म्हणाली, "काकांचा फोन लागत नाहीये. तुझ्याजवळच आहेत ना? दे जरा."

त्याचे दोन्ही हात तेलाने भरलेले होते. मी फोन त्याच्या कानाशी धरून उभा राहिलो. वीस मिनिटं बोलले. मध्ये एकदा हात बदलला.