साडूची जिरवायला समुद्र

१४ जानेवारी १९९६

संक्रांत. प्रतापरावांकडे जावं लागलं. प्रतापराव म्हणजे माझे साडू, उषाच्या थोरल्या बहिणीचे, लक्ष्मीताईंचे, यजमान. यांचे आजोबा होळकरांच्या पागेत होते हे ते दर अर्ध्या तासाने सांगतात. माझेही त्याच पागेत होते. मी सांगत नाही.

त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत गोल्डफिश आहेत. बुडबुड्यांचं मशीन बंद पडलं होतं. मी चांगल्या मनाने बघायला उठलो, तर भरल्या हॉलमध्ये म्हणाले, राहू द्या दिवाकरराव, तुम्ही हात लावला की वस्तू कायमची बंद पडते, मिल बघितली ना आपण.

सगळे हसले. लक्ष्मीताई हसल्या. उषाने पदर तोंडाला लावला होता, तेव्हा सांगता येत नाही.

तेवीस वर्षं मिलमध्ये फिटर, त्यातली नऊ हेड फिटर. मिल मालकांनी बंद केली, मी नाही. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या लाइनीतून एक थेंब गळला नव्हता. चार वर्षं घरी बसलोय म्हणून कोणीही काहीही बोलावं?

याची जिरवीन. तिळगूळ न घेता आलो. (आधी दोन खाल्ले होते.)

१७ जानेवारी

ठरलं. प्रतापरावकडे गोड्या पाण्याचे मासे, मी खाऱ्या पाण्याचे ठेवणार. अख्खा समुद्र. प्रवाळ, झिंगे, सगळं. आमच्या शर्वरीच्या कॉलेजच्या लायब्ररीतून एक विलायती मासिक आणवलं. इंदोरात असं कोणाकडेच नाही. पाडव्याला प्रतापरावला सहकुटुंब बोलवायचं आणि समोर बसवायचं. माझा हात लागलेली वस्तू कशी चालते ते डोळ्यांनी बघू दे.

आजपासून त्याला मनातल्या मनात अहोजाहो बंद.

२३ जानेवारी

ड्रॉइंग पूर्ण. वर चार फुटी टाकी, खाली दुसरी टाकी. वरचं पाणी सांडून खाली, खालचं गाळून पंपाने पुन्हा वर. मेन लाइन, बायपास, दोन युनियन, ड्रेन. मिलच्या बॉयलरलासुद्धा एवढी सुंदर लाइन नव्हती. एकूण पाच शीट.

उषाने पाचही बघितली आणि विचारलं, यात मासे कुठे आहेत?

बायकांना ड्रॉइंग वाचता येत नाही.

३ फेब्रुवारी

मुंबईहून परत. पंप, ट्यूबा, क्षारांच्या पिशव्या, फेस काढायचं यंत्र आणि वीस किलो जिवंत दगड (समुद्रातले, जीवजंतू चिकटलेले) आणले. दगड ओल्या पेपरात गुंडाळून अवंतिका एक्सप्रेसच्या बर्थवर झोपवले, मी खाली बसून आलो. उषा म्हणाली, लग्नानंतर माझ्यासाठी कधी जागा सोडली नव्हती.

राजवाड्याजवळच्या शाम एक्वेरियमवाल्याला ड्रॉइंग दाखवलं. तो म्हणाला, भिया, काम तो एक नंबर है, बस लोहा-पीतल कुछ मत लगाना, सब प्लास्टिक रखना. मी हसून सोडून दिलं. प्लास्टिकचा पाइप म्हणजे होळीची पिचकारी. पण वेळ कमी आहे म्हणून तूर्त पीव्हीसी.

११ फेब्रुवारी

घरात वाद. उषा म्हणाली, नर्मदेच्या पाण्यात मीठ कालवू देणार नाही, पाप लागेल. एक दिवसाआड येणारं पाणी, त्यात तुमचे चोचले. मी म्हणालो, नर्मदाजी शेवटी समुद्रालाच मिळते, मी फक्त तिचा प्रवास वाचवतोय. तिने एक कळशी देवापुढे भरून ठेवली आणि बाकीचं घेऊ दिलं.

टाकी भरली. एक जॉइंट गळत नाही. प्रतापराव, दिवस मोज.

१८ फेब्रुवारी

आठ मिनिटं लाइट गेली. पंप थांबला. वर चढलेलं पाणी त्याच पाइपने खाली उतरलं, खालची टाकी भरून सांडली, आणि समुद्र हॉलमधून स्वयंपाकघरात गेला. गव्हाची कोठी भिजली.

माझी चूक नाही. मासिक विलायतेचं. तिकडे लाइट जात नाही.

१९ फेब्रुवारी

उपाय कपाटातच होता! गनमेटलचा नॉन-रिटर्न वॉल्व. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. मिल बंद झाली त्या दिवशी स्टोअरकीपर श्रीपाद मला देऊन म्हणाला होता, साहेब, ठेवा, आपली आठवण. चार वर्षं ब्रासोने घासतोय. आज बसवला. मेन स्विच दहा वेळा बंद-चालू केला. थेंब नाही! टाकीसमोर बसून चहा प्यालो. खरं सांगायचं तर रडू आलं.

शर्वरी बी.एस्सी.ला आहे. म्हणाली, पप्पा, गनमेटलमध्ये तांबं असतं, खाऱ्या पाण्यात उतरेल, झिंगे मरतील. मी म्हणालो, आपल्याकडे लोक तांब्याच्या लोट्यातलं पाणी पितात, कोण मेलं? तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण मी बाहेर निघून गेलो.

१ मार्च

शामने मुंबईहून मागवलेली मंडळी आली. दोन नारंगी पट्टेवाले मासे, चार झिंगे, एक प्रवाळ. प्रवाळ फुललं तेव्हा उषा पोळी तव्यावर टाकून बघायला आली. पोळी करपली. दुसरी पोळी करपली तेव्हाही तिथेच होती.

प्रतापरावला आमंत्रण गेलं. लगेच हो म्हणाला. बिचारा.

८ मार्च

झिंगे दिसत नाहीत. कात टाकत असतील. त्या वेळी लाजतात, असं मासिकात आहे.

११ मार्च

झिंगे सापडले. लाजत नव्हते.

१६ मार्च

प्रवाळ गेलं. पाणी नासलं. दोन्ही मासे आज सकाळी गेले. वॉल्व उघडला तर आतून हिरवा. शर्वरीने तो बघून परत माझ्या हातात दिला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

उषाने मासे तुळशीखाली पुरले. मला म्हणाली, त्यांचं काय चुकलं होतं? त्यांना कशाला मध्ये आणलंत?

कारण स्पष्ट आहे. प्रतापरावची नजर. त्याने टाकी अजून बघितली नाही हे खरं, पण याची नजर लांबवर जाते.

आता माघार नाही. नवे मासे यायला दहा दिवस लागतील. पाडवा चार दिवसांवर.

२० मार्च, गुढीपाडवा

पाणी बदललं, वॉल्व घासून पुन्हा बसवला, दगड रचले, ट्यूबा लावल्या. मासे शून्य. प्रतापराव आला. मी सांगितलं, समुद्री मासे लाजाळू असतात, दगडामागे आहेत.

तो बसला. पाऊण तास! लक्ष्मीताई बोलायला लागल्या तर त्यांना गप्प केलं, म्हणे मासे बिचकतील. श्रीखंडाची वाटीसुद्धा हळू ठेवली. मी घामाघूम. उषा दारात उभी, माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात लाइट गेली. पंप थांबला, पाणी जागच्या जागी उभं राहिलं. लाइट आली, पंप आपोआप चालू. जमिनीवर एक थेंब नाही. प्रतापराव उठून टाकीच्या खाली वाकला. मासे विसरला. म्हणाला, परत करून दाखवा. मेन स्विच बंद. चालू. परत. पाच वेळा. मग विचारलं, ही लाइन कोणी टाकली?

मी छाती काढून म्हणालो, मी. तर म्हणतो कसा, दिवाकरराव, मानपुरला हायवेवर माझं हॉटेल होतंय, चौदा बाथरूम आहेत, ठेकेदाराने टाकलेले सगळे पाइप गळतात, तुम्ही या, सगळं तुमच्या हातात देतो.

हात! मला राहवलं नाही. संक्रांतीचं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. तो विचारात पडला. म्हणाला, असं मी बोललो? कधी? नीट सांगा बघू. मी पुन्हा सांगितलं. लक्ष्मीताईंना ऐकू आलं नाही म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं. शेजारचे बंडूकाका खिडकीतून ऐकत होते. प्रतापराव मोठ्याने हसला. वा, म्हणाला, चांगलं बोललो की मी! मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बोलून जातो हो, मनावर नका घेऊ, सोमवारी येताय ना?

ज्या वाक्यावरून मी दोन महिने जळलो ते त्याला आठवतही नाही.

जाताना उषाला हळूच म्हणाला, मासे फार छान आहेत.

२५ मार्च

मानपुरची ड्यूटी घेतली. नोकरीसाठी नाही. शत्रूच्या घरात शिरल्याशिवाय सूड घेता येत नाही. उषाने डब्यात गोडाचा शिरा दिला. तिला बेत माहीत नाही.

१७ एप्रिल

बेत पक्का. सात नंबरच्या बाथरूमखाली प्रतापरावचं केबिन येतं. बरोबर त्याच्या खुर्चीवर. तिथला एक जॉइंट अर्धा पेच ढिला सोडायचा. धो-धो नाही. उद्घाटनाच्या दिवशी, कलेक्टरच्या ऑफिसातले लोक समोर बसलेले असताना, त्याच्या फेट्यावर टप, टप. मग कळेल माणसं हसली की कसं वाटतं.

३ मे

चौदाही बाथरूम पूर्ण. उद्या उद्घाटन. प्रतापरावने ठेकेदारासमोर सांगितलं, ये हमारे साडू हैं, इनके काम में कोई बोलेगा नहीं. मी मान फिरवून घेतली. ऐकायचंच नव्हतं.

साडेपाचला सात नंबरचा जॉइंट अर्धा पेच ढिला केला. खाली केबिनमध्ये जाऊन बघितलं. तिसऱ्या मिनिटाला थेंब. खुर्चीच्या मधोमध. माप एकदम अचूक! सहाच्या बसमध्ये बसलो. मन शांत.

वाटेत महूला उतरलो. उलटी बस पकडली. वॉचमनला सांगितलं, चष्मा राहिला. वर जाऊन जॉइंट घट्ट केला, सुताचे दोन वेढे जास्त दिले. खुर्ची रुमालाने पुसली. मग बाकीचे तेराही तपासले, आलोच होतो म्हणून.

उषाने विचारलं, उशीर का? सांगितलं, घाटात ट्रक अडकला होता.