तणमोराच्या नोंदीसह माझी सर्व मालमत्ता

मी, रावजी तुकाराम कणसे, वय एकाहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार गंगापूर रोड, नाशिक, लिहून ठेवतो की आजमितीस माझे डोके ठिकाणावर आहे. माझी पत्नी सौ. सरिता हिचे याबाबत वेगळे म्हणणे असून ते मांडण्याचा तिचा हक्क मी राखून ठेवतो. हा मजकूर कुणाच्या दडपणाखाली लिहिलेला नाही. नशा मला फक्त चहाची आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे मला समोरचे मधोमध दिसत नाही, फक्त कडेकडेचे दिसते, त्यामुळे ओळी वरखाली झाल्या असतील. एकेचाळीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या. आता माझ्या कुणीही दाखवाव्यात.

मालमत्ता एका पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे. एवढे कागद खर्ची घालण्याचे कारण शेवटचे कलम आहे. सिन्नरच्या माळावर मी एक पक्षी पाहिल्याची नोंद माझ्या वहीत आहे. ती ठेवायची की खोडायची, हे मला मरण्यापूर्वी ठरवायचे आहे.

कलम १. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि घरातील भांडीकुंडी सरिताची. तिच्यानंतर मुलगी शुभांगीची. गॅलरीत चिमण्यांसाठी टांगलेले लाकडी खोके काढू नये. आठ वर्षांत त्यात एकही चिमणी राहायला आलेली नाही, पण एक पाल सुखात आहे.

कलम २. माझी दुर्बीण देवराम थेटे यास द्यावी. गंगापूर धरणाच्या पाणलोटाला लागून देवरामचा झेंडूचा मळा आहे आणि त्याच्या बांधावर बसून मी तीस वर्षे पक्षी पाहिले. त्याला दुर्बिणीचा काडीचाही उपयोग नाही. मी दुर्बीण डोळ्याला लावून चाक फिरवेपर्यंत त्याचे नुसत्या डोळ्यांनी पाहून झालेले असे. "भाऊ, तुमची दुर्बीन लागंस्तवर तो उडून बी गेला," हे वाक्य त्याने मला इतक्या वेळा ऐकवले आहे की सूड म्हणून तरी त्याने ती सांभाळावी.

कलम ३. कॅमेरा. तो माझ्याकडे नाही, म्हणून कुणाला देताही येत नाही. परंतु याबाबत एक गैरसमज मीच पसरवलेला असल्याने तो मीच दूर करणे भाग आहे.

"मी फोटो काढत नाही, मी पाहतो," असे मी अनेक सभांतून सांगितले आणि टाळ्या घेतल्या. लोकांना ते तत्त्व वाटले. वस्तुस्थिती अशी की १९९१ साली मेहुण्याचा कॅमेरा मागून आणून मी छत्तीस फोटोंचा अख्खा रोल संपवला होता. धुऊन आला तेव्हा त्यात एकतीस फोटो पाणकणसांचे, चार माझ्या अंगठ्याचे आणि एक म्हशीच्या कानाचा निघाला. तत्त्व त्यानंतर सुचले. तरीही एक गोष्ट खरी आहे आणि ती मी कुठल्याच सभेत बोललो नाही. त्या दिवशी घरी येऊन वही उघडली तर लिहायला काही नव्हते. दिवसभर पक्ष्यांसमोर बसून मी एकही पक्षी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटले आणि कॅमेरा मी त्याच संध्याकाळी परत केला.

मृत्युपत्राची नोंदणी करताना फोटो काढतात असे समजले. नोंदणी ऐच्छिक असल्याचेही समजले. म्हणून ती केलेली नाही.

कलम ४. पक्षिनिरीक्षणाच्या सत्तावीस वह्या शुभांगीला. सोबत पुढील शुद्धिपत्र जोडावे.

मी मूळचा साताऱ्याचा. सरिताचे माहेर सटाणा. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा मंडळी जावयासमोर जपून, पुस्तकी मराठीत बोलत. शेतात मात्र सासरे मोकळे झाले. मी एकेका पक्ष्याकडे बोट दाखवी आणि ते सांगत, "टिटवी शे." "बगळा शे." "होला शे." मी वहीत लिहून घेतले: टिटवीशे, बगळाशे, होलाशे. पुढे यावर निबंध लिहून वाचनालयात वाचला. बागलाणातील शेतकरी पक्ष्यांच्या नावाला आदराने 'शे' जोडतात, जसे आपण माणसांना 'राव' म्हणतो, असा माझा सिद्धान्त होता. सरिता पहिल्या रांगेत तोंडात पदर कोंबून बसली होती. मला वाटले, भरून आले असेल. अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे', हे तिने मला घरी येताना रिक्षात सांगितले. दोन शब्दांमधली जागा गाळल्याची चूक मी दुसऱ्याच्या लेखात कधी सोडली नसती.

आता दुर्बिणीतून मला काही दिसत नाही. सरिता बांधावर पाण्याकडे तोंड करून बसते आणि सांगते, "काळा शे. मान लांब. रागावल्यासारखा." मी नाव सांगतो आणि वहीत ती लिहिते. एवढे फोटो काढले असते तर आता बघत बसता आले असते, असे शुभांगी हळहळून म्हणाली. पोरी, तेही दिसले नसते.

कलम ५. माझ्या पश्चात वर्तमानपत्रात द्यायला फोटो सापडणार नाही. आधारकार्डावरचा चालवून घ्यावा. त्यात मी घुबडासारखा दिसतो, याचा मला अभिमान आहे. रामकुंडावर पिंडाला कावळा शिवला नाही तर माझी काही इच्छा राहिली असे समजून कुणी नवस बोलू नयेत. तिथल्या कावळ्यांची पोटे भरलेली असतात.

कलम ६. दिनांक १७ ऑगस्ट २०१४, सकाळी साडेआठ. सिन्नरच्या पलीकडील माळ. सरिता आणि मी समोरासमोर बसलो होतो. तिची पाठ गवताकडे होती आणि ती थर्मासमधून मला चहा ओतून देत होती. तिच्या खांद्यावरून मला दिसले की गवतातून एक काळापांढरा पक्षी पुरुषभर उंच उडाला, हवेत क्षणभर थांबला आणि पुन्हा गवतात पडला. मानेमागे बारीक पिसांचा तुरा होता. त्यानंतर आम्ही दोन तास बसलो, पण काही हलले नाही. मी वहीत लिहिले: 'तणमोर, नर, एक. साक्षीदार: सौ. सरिता.' इतका दुर्मीळ पक्षी मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या पक्षिमित्र मंडळाचे प्रमुख दिनेश खैरनार यांच्याकडे दुधाच्या किटलीएवढी लेन्स आहे. सभेत त्यांनी विचारले, "काका, फोटो?" मी म्हणालो, नाही. मग त्यांनी सरिताला विचारले, "काकू, तुम्ही पाहिलंत का?" ती म्हणाली, "पाहिलं ना," आणि चिवड्याची बशी पुढे सरकवली. मंडळाच्या दप्तरात शेरा पडला: 'फोटोअभावी प्रलंबित.' यावरून मी दिनेशशी चार वर्षे बोललो नाही. त्याला हे तिसऱ्या वर्षी कळले.

मनातली गोष्ट अशी की या अकरा वर्षांत त्या एका क्षणासाठी मी इतका भांडलो की आता मला पक्षी आठवतो की भांडण, हे सांगता येत नाही. आणि सरिताची पाठ होती. म्हणजे ती माझ्यासाठी खोटे बोलली. नोंद ठेवावी तर वहीत खोटा साक्षीदार राहतो. खोडावी तर चारचौघांत बायकोला खोटे पाडले असे होते. या विचाराने मला झोप लागेना. शेवटी मागच्या महिन्यात, ती मेथी निवडत असताना, मी विचारलेच.

"तू तणमोर पाहिला नव्हतास ना?"

"नाही. माझी पाठ नव्हती का?"

"मग मंडळात खोटं का सांगितलंस?"

"खोटं कुठं? पाहिला म्हटलं का मी? पाहिलं म्हटलं. तुमचं तोंड पाहिलं." तिने एक जुडी संपवून दुसरी घेतली. "अर्धा कप चहा मांडीवर सांडला तुमच्या, तरी तुम्हाला पत्ता नाही. लग्नातसुद्धा नव्हतं तसं तोंड. पक्षी व्हताच तठे."

तणमोर पुल्लिंगी, तोंड नपुंसकलिंगी. मुद्रितशोधक म्हणवणाऱ्या माणसाच्या कानांवरून हा फरक अकरा वर्षे गेला.

वकिलांनी सांगितले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराने मजकुराची खात्री द्यायची नसते. लिहिणाऱ्याला सही करताना आपल्या डोळ्यांनी पाहिले, एवढेच सांगायचे असते. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असेही ते म्हणाले. त्यामुळे सरिता आणि देवराम बाद झाले. दिनेशला मी काहीच ठेवलेले नाही, म्हणून तो चालतो.

सबब सिन्नरची नोंद खोडू नये. मंडळात ती प्रलंबित राहण्यास माझी हरकत नाही. वहीत मी तांबड्या शाईने दुरुस्ती केली असून ती अंतिम समजावी: 'तणमोर, नर, एक. पाहणारा, एक. त्याला पाहणारी, एक.'

स्थळ: नाशिक
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) रावजी तुकाराम कणसे

वरील सही श्री. कणसे यांनी आम्हा दोघांसमक्ष केली.

साक्षीदार १: (सही) दिनेश खैरनार. मजकूर वाचू दिला नाही.
साक्षीदार २: (सही) मनीषा पिंगळे, शेजारीण. सही करताना काका हसत होते.